टोपलीभोवतीच्या स्त्रिया

बायबलमधील दुसरी एकही गोष्ट ज्याला धड सांगता येणार नाही, अशा मुलालाही नदीवर तरंगणारी ती टोपली ठाऊक असते. लव्हाळ्यांची विणलेली, डांबर आणि राळ लावून पाणी आत न शिरेल अशी केलेली, आणि तिच्यात तीन महिन्यांचा मोशे. मुलांसाठी काढलेल्या बायबलकथांच्या पुस्तकांत या प्रसंगाचे चित्र नाही, असे पुस्तक सापडणे कठीण. चित्रात नाईल नदी निळीशार असते, दूरवर पिरॅमिड असतात, एखादी मगर डोके वर काढून पाहत असते आणि टोपली प्रवाहाबरोबर झुलत चाललेली असते. मराठी वाचकाला यात काही वावगे वाटत नाही, कारण त्याच्या मनात कुंतीने सोडलेली पेटी आधीपासूनच वाहते आहे: अश्वनदीतून चर्मण्वतीत, तेथून यमुनेत, यमुनेतून गंगेत आणि अखेर चंपानगरीच्या काठाला. कर्णाची पेटी वाहिली तशी मोशेचीही वाहिली असणार, असे तो धरून चालतो.

मूळ कथेत ती वाहत नाही. निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात आईने टोपली नदीच्या काठाशी, लव्हाळ्यांच्या आडोशाला ठेवली आहे, आणि पुढे काय होते हे पाहण्यासाठी मुलाची बहीण काही अंतरावर उभी आहे. फारोची कन्या स्नानासाठी येते ती नेमकी तेथेच. कुंतीने पेटी सोडली ती लोकलज्जेने, आणि ती कोणाच्या हाती लागेल हे तिला ठाऊक नव्हते. मोशेच्या आईने टोपली सोडलेलीच नाही. जागा, वेळ आणि पहारा या तिन्हींचा तिने विचार केला असावा, असे मानण्यास कथेत पुरेसा आधार आहे. बालपुस्तकाच्या चित्रकाराने टोपली प्रवाहात ढकलली की चित्राला गती येते, मुलाचा जीव टांगणीला लागतो, हे खरे. परंतु त्याच क्षणी एका स्त्रीचे धोरण नदीच्या कृपेत विरघळून जाते. चित्रकाराच्या मनात तसा हेतू असेल असे नाही. अशा गोष्टी बहुधा हेतूवाचूनच घडत असतात आणि म्हणूनच त्या तपासून पाहाव्या लागतात.

या कथेची रचनाच मोठी विलक्षण आहे. निर्गमाचा पहिला अध्याय आणि दुसऱ्याची पहिली दहा वचने एकत्र वाचली, तर एका राजाच्या आज्ञेविरुद्ध पाच स्त्रिया उभ्या राहिलेल्या दिसतात. इब्री स्त्रियांना मुलगा झाला तर त्याला जागच्या जागी मारावे, असा हुकूम राजाने ज्यांना दिला त्या दोन सुइणी. तीन महिने मूल दडवून ठेवणारी आई. लव्हाळ्यांजवळ उभी राहिलेली बहीण. आणि राजाची स्वतःची मुलगी. ही राजकन्या टोपलीतले मूल इब्र्यांचे आहे हे ओळखते, म्हणजेच बापाचा हुकूम आपण मोडतो आहोत हे तिला पूर्णपणे ठाऊक असते. बहीण पुढे होऊन दाई आणून देण्याची तयारी दाखवते आणि प्रत्यक्ष आईलाच घेऊन येते. आपल्याच मुलाला पाजण्याबद्दल त्या आईला राजवाड्यातून वेतन सुरू होते! या सबंध प्रसंगात एकाही पुरुषाच्या तोंडी एकही वाक्य नाही. मुलाचा बाप पहिल्या वचनात लग्न करण्यापुरता येतो आणि दिसेनासा होतो. मोशे हे नावसुद्धा त्याला राजकन्येने दिलेले आहे.

बालवाङ्मयात या पाचांपैकी तिघी टिकल्या. आई टिकली, कारण ती आई आहे. बहीण टिकली, कारण गोष्ट ऐकणाऱ्या मुलीला स्वतःच्या वयाचे कोणीतरी चित्रात हवे असते. राजकन्या टिकली, कारण राजकन्येवाचून मुलांची गोष्ट सजत नाही. गळाल्या त्या सुइणी. अनेक पुस्तकांत गोष्टीचा आरंभ ‘एक दुष्ट राजा होता, त्याने सगळी मुलगे नदीत टाकण्याची आज्ञा केली’ अशा धर्तीच्या वाक्याने होतो. ही आज्ञा वस्तुतः राजाची दुसरी आज्ञा आहे. पहिली त्याने सुइणींना दिली होती आणि ती त्यांनी पाळली नाही, म्हणून ही दुसरी काढावी लागली. शिप्रा आणि पुवा अशी त्यांची नावे ग्रंथकाराने आवर्जून नोंदवली आहेत. ज्याच्यापुढे त्या उभ्या राहिल्या त्या राजाचे नाव मात्र निर्गमात कोठेच दिलेले नाही. तो नुसता फारो, म्हणजे एक पदवी. तो फारो नेमका कोण यावर इतिहासकारांनी पुष्कळ वाद घातले आहेत. सुइणींच्या बाबतीत तशी गरजच ठेवलेली नाही.

सुइणींना वगळण्याची कारणे शोधू गेल्यास दोन सापडतात. एक उघड आहे: सुईण म्हटली की बाळंतपण आले, आणि ज्या काळात बालबायबलांचा साचा ठरला त्या काळात तो विषय मुलांपुढे काढण्याजोगा नव्हता. दुसरे कारण अधिक खोल आहे. राजाने जाब विचारल्यावर सुइणींनी जे उत्तर दिले, ते खोटे आहे. निदान खोटे वाटावे असे आहे. इब्री बायका इतक्या धट्ट्याकट्ट्या असतात की आम्ही पोचण्याच्या आधीच त्या मोकळ्या होतात, अशा अर्थाचे ते उत्तर. त्यात मिसरी बायकांना आणि पर्यायाने राजवाड्याला एक चिमटाही आहे, तो राजाला कळला नसावा. आणि असे सांगणाऱ्यांवर देवाने कृपा केली, असे ग्रंथ म्हणतो. आता ही गोष्ट सांगून झाल्यावर मुलांना तात्पर्य काय सांगायचे?

तात्पर्याची ही अडचण काल्पनिक नाही. योहान ह्यूब्नर या जर्मन शिक्षकाने १७१४ साली जुन्या करारातील बावन्न आणि नव्या करारातील बावन्न अशा निवडक कथांचे पुस्तक प्रसिद्ध केले. वर्षाचे आठवडे बावन्न, तेव्हा हिशोब सरळ होता. प्रत्येक कथेनंतर प्रश्न, मग उपयुक्त बोध, मग पद्यातील एखादा भाविक विचार, अशी त्याची मांडणी होती. हे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले, अनेक भाषांत गेले आणि त्याची मांडणी त्याहूनही दूरवर पोचली. ज्या कथेखाली बोध लिहायचाच आहे, तिच्यात बोधाला अडथळा करणारे काही उरता कामा नये, हे ओघानेच आले. राजाशी चतुराईने खोटे बोलणाऱ्या दोन कष्टकरी बायका ‘खरे बोलावे’ आणि ‘वडिलांची व राजाची आज्ञा पाळावी’ या दोन्ही धड्यांना एकाच वेळी सुरुंग लावतात. त्यांना वगळणे सोपे.

येथे एक गोष्ट नोंदवणे न्यायाचे ठरेल. हे गाळणे-निवडणे पुरुषांनीच केले असे म्हणता येत नाही. इंग्लंडमध्ये मुलांसाठी पवित्र इतिहास लिहिणाऱ्या सेरा ट्रिमर या बारा मुलांची आई होत्या. त्यांनी १७८६ साली ब्रेन्टफर्ड येथे रविवारची शाळा काढली आणि पुढे परीकथांच्या दुष्परिणामांविरुद्ध नेटाने लेखणी चालवली. अमेरिकेत कॅथरिन वॉस यांचे बालबायबल १९३०च्या दशकात आले आणि अनेक घरांत रात्री निजण्यापूर्वी वाचले जाऊ लागले. वाचणारी आई, शिकवणारी बाई आणि ऐकणाऱ्यांत निम्म्या मुली. आपल्याकडेही मिशनांच्या काळात घरोघर जाऊन या कथा सांगणाऱ्या बहुधा ‘बायबल-वुमन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशी ख्रिस्ती स्त्रियाच असत. स्त्रियांनी स्त्रियांना सांगताना स्त्रियांनाच आखडून घेतले, हे या इतिहासातील सर्वांत विचार करायला लावणारे प्रकरण आहे. त्यात दोष शोधण्यापेक्षा त्यांची स्थिती समजून घ्यावी. ज्या मुलीला उद्या सासरी नांदायचे आहे तिला राजाशी खोटे बोलणारी सुईण देऊन पाठवण्याचा धीर कोणत्या आईला व्हावा? आपल्या पुराणकथा सांगणाऱ्या आजीनेही सभेत प्रश्न विचारणारी द्रौपदी थोडक्यात आटोपली आणि कृष्णाने पुरवलेली वस्त्रे मात्र रंगवून रंगवून सांगितली.

मुलांच्या बायबलातून काही गाळले जाते याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. मूळ ग्रंथात असे पुष्कळ आहे की जे कोणत्याही शहाण्या माणसाने लहान मुलाला सांगू नये. शास्त्यांच्या पुस्तकाच्या अखेरीस येणारी त्या लेव्याच्या उपपत्नीची कथा प्रौढालासुद्धा वाचवत नाही. प्रश्न गाळण्याचा नाही, गाळण्याच्या कसोटीचा आहे. ती कसोटी हिंसा असती, तर दाविदाने गल्याथाचे डोके कापल्याची गोष्ट पहिल्यांदा जायला हवी होती. ती तर मुलांच्या पुस्तकातली सर्वांत लाडकी गोष्ट! जगातील सारी माणसे बुडवणारा जलप्रलय पाळण्यावर टांगायच्या खेळण्यांवर आणि पांघरुणांवर येऊन बसला आहे. मात्र सीसरा या सेनापतीला तंबूत दूध पाजून, पांघरूण घालून, तो झोपी गेल्यावर तंबूची मेख त्याच्या कानशिलात ठोकणारी याएल नको असते. रूथ बॉटिगहाइमर या विदुषीने १९९६ साली मुलांच्या बायबलांचा छपाईच्या आरंभापासूनचा इतिहास लिहिला. प्रत्येक काळाने आणि समाजाने आपल्या मुलांसाठी बायबल नव्याने बेतले, हे तिने पुस्तकामागून पुस्तक तपासून दाखवले. याएलीचे रक्त मुलांना सोसत नाही आणि गल्याथाचे सोसते, यामागे मुलांच्या मनापेक्षा मोठ्यांच्या मनाचा प्रश्न आहे. दाविदाने मैदानात मारले, याएलीने घरात मारले. आणि पाहुण्याला दूध देणाऱ्या हातांविषयी घराला भीती वाटू नये, ही त्या मोठ्यांची गरज होती.

नोहाच्या पत्नीचे उदाहरण याहून सौम्य, पण तितकेच बोलके आहे. उत्पत्तीत तिला नाव नाही आणि तोंडही नाही. ती तारवात चढते आणि उतरते. ज्यू परंपरेने पुढे तिला नामा हे नाव दिले. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये कारागिरांच्या संघांनी रस्त्यावर केलेल्या धर्मनाटकांत मात्र ही बाई एकदम जिवंत होते. चेस्टरच्या नाटकात ती तारवात चढायलाच तयार नाही. माझ्या मैत्रिणींना बरोबर घेणार असाल तर येते, असा तिचा हट्ट आहे. शेवटी मुले तिला उचलून आत नेतात आणि ती नोहाच्या थोबाडीत मारते. प्रेक्षक हसत असतील, यात शंका नाही. कजाग बायकोचा तो ठरीव विनोद होता. परंतु त्या विनोदाच्या आड जलप्रलयाच्या कथेत दुसऱ्या कोणीही न विचारलेला प्रश्न उभा आहे: शेजारणींचे काय? व्हिक्टोरियन काळात रविवारी मुलांना इतर खेळणी वर्ज्य असली तरी लाकडी तारू चालत असे, कारण ते धर्माचे खेळणे. त्यात जोडीजोडीने प्राणी असत, नोहा असे आणि त्याची बायकोही असे, ताठ उभी. आजच्या चित्रांत तिच्या हाती बहुधा केरसुणी किंवा स्वयंपाकाचे भांडे दिसते. एवढे प्राणी म्हटल्यावर केरकचऱ्याचा प्रश्न आलाच. तरीसुद्धा भांडणाऱ्या नोहाबाईचा या झाडणाऱ्या नोहाबाईशी विनिमय झाला, त्यात तोटा कोणाचा झाला हे वेगळे सांगायला नको.

नव्या करारात ही गाळणी अधिक बारीक होते, कारण तेथे स्त्रियांना वगळणे शक्यच नाही. तेथे त्यांचे बोलणे वगळले जाते. नाताळातील देखाव्यात निळ्या वस्त्रातील मरीया बाळाकडे पाहत बसलेली असते. वसईपासून गोव्यापर्यंत ज्या ज्या शाळांत नाताळचे नाटक होते, तेथे मरीयेची भूमिका मिळावी म्हणून मुलींत चुरस असते, आणि ती मिळालेल्या मुलीला सबंध नाटकात जवळजवळ काहीच बोलायचे नसते. लूकच्या पहिल्या अध्यायात हीच मरीया एक प्रदीर्घ स्तोत्र म्हणते आणि सिंहासनावरून खाली ओढलेले सत्ताधीश, रित्या हातांनी परत पाठवलेले धनवान हा त्या स्तोत्राचा विषय आहे, हे त्या मुलीला कोणी सांगत नाही.

मार्थेची कथा तर नमुन्यादाखल घ्यावी अशी आहे. लूकच्या दहाव्या अध्यायात मार्था पाहुण्याच्या सरबराईत गुंतलेली आहे, तिची बहीण मरीया येशूच्या पायाशी बसून ऐकते आहे, मार्था तक्रार करते आणि येशू मरीयेची बाजू घेतो. ही कथा मुलांना नेहमी सांगितली जाते. एका स्त्रीला शिष्याच्या जागी बसू दिले, हा त्या कथेतला धाडसी भाग. सांगताना मात्र ‘कामाची फार दगदग करू नये आणि कुरकुर तर करूच नये’ एवढेच उरते. वर गंमत अशी, की ज्या घरात ही गोष्ट सांगितली जाते तेथे गोष्ट संपल्यावर भांडी मुलीलाच घासावी लागतात. पण मार्था तेथेच संपत नाही. योहानाच्या अकराव्या अध्यायात तिचा भाऊ लाजर मरून चार दिवस झालेले असताना ती गावाबाहेर जाऊन येशूला गाठते. आपण असता तर तो मेला नसता, असे तोंडावर सुनावते. आणि त्याच संभाषणात तो ख्रिस्त, देवाचा पुत्र असल्याची जी कबुली ती देते, ती मत्तयाच्या शुभवर्तमानातील पेत्राच्या कबुलीच्या तोडीची आहे. पेत्राच्या त्या कबुलीवर चर्चच्या अधिकाराची केवढी इमारत उभी राहिली! मुलांच्या पुस्तकांत पेत्र असतो. लाजरही असतो, पट्ट्यांत गुंडाळलेला, थडग्यातून बाहेर येणारा. मार्था मात्र एक अध्याय मागे, स्वयंपाकघरातच राहते.

मग्दालीया मरीयेविषयी येथे थोडक्यात एवढेच. पापी स्त्री म्हणून तिची जी ओळख मुलांना करून दिली गेली, तिला शुभवर्तमानांत आधार नाही. पोप पहिला ग्रेगरी याने ५९१ साली एका प्रवचनात तीन वेगळ्या स्त्रियांची जी गुंफण केली, तिचे ते फळ आहे. रोमन पंचांगाने १९६९ साली ती गुंफण सोडवली आणि २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या बरोबरीचा सणाचा दर्जा दिला. बालपुस्तके पंचांगाच्या बऱ्याच मागून चालतात.

रूथच्या कथेचे मात्र मराठीशी एक जिव्हाळ्याचे नाते आहे आणि ते एका शब्दात साठवलेले आहे. कापणी झाल्यावर शेतात पडून राहिलेली कणसे गोरगरिबांनी वेचायची, त्याला मराठीत ‘सरवा’ म्हणतात. मवाब देशातून आलेली विधवा रूथ आपल्या विधवा सासूला, नामीला जगवण्यासाठी बवाजाच्या शेतात सरवा वेचते. मुलांच्या पुस्तकांत हा प्रसंग सोनेरी असतो: कमरेइतके पीक, डोक्यावर ओढणी, ओंजळीत कणसे. सरवा वेचणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा सोनेरी रंग परका वाटेल. सरवा वेचणारी बाई दिवसभर वाकलेली असते. मालक कोण आहे, गडी कसे आहेत, यावर तिचे त्या दिवशीचे पोट आणि तिची अब्रू अवलंबून असते. मूळ कथेत याची पुरती जाण आहे. तिला कोणी हात लावू नये, अशी ताकीद बवाजाला आपल्या गड्यांना द्यावी लागते. पुढे रात्री खळ्यावर जाण्याची जी मसलत नामी रूथला देते, तीही अशा दोन बायकांची मसलत आहे, ज्यांच्यापाशी दुसरे काही शिल्लक नाही. मुलांच्या पुस्तकात खळे येत नाही. बवाजाला रूथ आवडली आणि त्यांचे लग्न झाले, असे येते. खळ्यावरचा प्रसंग मुलांना जसाच्या तसा सांगावा, असा आग्रह कोणी धरणार नाही. परंतु तो काढल्यावर रूथ केवळ गुणी सून उरते आणि नामी केवळ प्रेमळ सासू. आपले नाव आता नामी नको, मारा म्हणजे कडू असे म्हणा, असे गावातल्या बायकांना सांगणारी ती म्हातारी कोठे जाते कोण जाणे.

ही कथा मराठीत आणणाऱ्यांत एक नाव पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. साध्या बाईला वाचता यावे असे मराठी त्यांना हवे होते. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली ते भाषांतर प्रसिद्ध झाले. केडगावच्या मुक्ति-सदनात छापखान्याचे काम तेथील स्त्रियाच करीत. १८९६-९७ आणि १९०० या दुष्काळांत रमाबाईंनी ज्यांना आणले, त्यांत विधवा होत्या, टाकलेल्या होत्या, पोरक्या मुली होत्या. दुष्काळात घर सोडून परमुलखात गेलेल्या, नवरा आणि मुलगे गमावलेल्या नामीची कथा अशा वस्तीत वाचली जात होती. येथे कथेखाली बोध लिहिण्याचे कारण उरले नव्हते. भाषांतर करणारी स्वतः विधवा आणि एका मुलीची आई. ती मुलगी, मनोरमा, आईच्या आधी वर्षभर, १९२१ साली गेली. या भाषांतरात खळे आहे, कडू नामी आहे, शिप्रा-पुवा आहेत. खिळ्यांच्या पेटीतून एकेक अक्षर उचलून ती नावे जुळवली गेली. रमाबाईंच्या धर्मांतराविषयी आणि त्यांच्या कार्याविषयी महाराष्ट्रात पुष्कळ वाद झाला. त्यांच्या या भाषांतराचा वाङ्मयीन विचार मात्र त्या मानाने फारच थोडा झाला, हे आपल्या समीक्षेला भूषणावह नाही.

संपूर्ण ग्रंथ हाती आला की असे होते: बालपुस्तकाने सांगितलेली माणसे मोठी होतात आणि न सांगितलेली भेटतात. सलाफहादाच्या पाच मुली या दुसऱ्या प्रकारातल्या. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बाप मेला, भाऊ नाही, म्हणून बापाचा वाटा बुडणार. तेव्हा या पाचजणी मोशेपुढे, याजकापुढे आणि सगळ्या सभेपुढे उभ्या राहून आपला हिस्सा मागतात. मोशेला निर्णय देता येत नाही. तो देवाकडे जातो, आणि देव म्हणतो की मुलींचे म्हणणे बरोबर आहे. त्यावरून कायदा होतो. पुढे गणनाच्याच अखेरीस भाऊबंद तक्रार घेऊन येतात आणि मुलींनी आपल्याच वंशात लग्न करावे अशी अट घालून घेतात. जमिनीच्या प्रश्नाला असे शेपूट सर्वत्र असतेच. यहोशवाच्या पुस्तकात त्या पाचजणी पुन्हा उभ्या राहून दिलेल्या वचनाची आठवण करून देतात आणि तेव्हा कोठे जमीन मिळते.

मुलांच्या बायबलात ही कथा क्वचितच आढळते. तिच्यात रक्त नाही, शृंगार नाही, बाळंतपणही नाही. भाषा सोपी, पात्रे पाच बहिणी, शेवट गोड. मुलांच्या गोष्टीला लागते ते सारे आहे. भारतात तर ती विशेषच सांगण्याजोगी आहे. केरळातील सीरियन ख्रिस्ती मुलींना त्रावणकोरच्या १९१६च्या वारसा कायद्याने मृत्युपत्र न करता वारलेल्या बापाच्या मिळकतीत भावाच्या हिश्श्याच्या चौथाई किंवा पाच हजार रुपये, यांतील जे कमी असेल तेवढेच मिळत असे. मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि १९८६ साली मुलींना बरोबरीचा वाटा मान्य झाला. जुन्या करारातली ती पाच नावे घरातल्या ग्रंथात सारा काळ होतीच. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा देणारी दुरुस्ती २००५ची; आणि तरीही तलाठ्याच्या दप्तरी बहिणींच्या हक्कसोडपत्रांची रीघ काही थांबलेली नाही.

गेल्या काही दशकांत चित्र बदलू लागले आहे. अमेरिकेत जे. चेरिल एक्सम आणि ॲलिस बाख यांनी १९९१ साली मुलांसाठी बायबलमधील स्त्रियांच्या कथांचे पुस्तक काढले आणि त्याला नाव दिले ते मिर्यामेच्या विहिरीचे. सँडी आयझेनबर्ग सॅसो या स्त्री-रब्बींनी १९९५ साली राजकन्येला आणि सलाफहादाच्या मुलींना मुलांच्या पुस्तकात जागा दिली. ज्यू परंपरेत त्या राजकन्येला बित्या असे नाव आहे. हे काम मोलाचे आहे. त्याच्या पाठोपाठ बाजारात दुसराही माल आला: मुलींसाठी गुलाबी वेष्टनाची बायबले, चमकीचा मुकुट घातलेली एस्तेर, प्रत्येक स्त्री शूर आणि प्रत्येक पान विजयाचे. जुन्या पुस्तकांनी बायकांना गरीब गाय केले होते, या पुस्तकांनी त्यांना बक्षिसाच्या ढाली वाटल्या. दोन्हींत सारा बसत नाही. स्वतःला मूल नाही म्हणून मिसरी दासी हागार हिला नवऱ्याकडे धाडणारी, आणि मग तिलाच जाचून पळवून लावणारी सारा. रानात एकटी पडलेली हागारही बसत नाही. जिने देवाला, आपल्याला पाहणारा असे स्वतः नाव दिले, ती दासी. एका स्त्रीने दुसरीचा छळ करावा आणि दोघींवरही ग्रंथाने डोळे मिटू नयेत, हे मुलांना कळत नाही असे मानणाऱ्यांनी मुले घरात काय काय पाहतात याचा विचार केलेला नसतो.

लव्हाळ्यांजवळ उभी असलेली ती मुलगी बालपुस्तकांत बहुधा तेथेच उभी राहते. फार तर तांबडा समुद्र ओलांडल्यावर हाती डफ घेऊन नाचताना एकदा दिसते. ग्रंथात ती म्हातारी होते. ग्रंथ तिला संदेष्ट्री म्हणतो. मोशेच्या बायकोवरून ती आणि अहरोन मोशेला बोल लावतात, देव आपल्याशीही बोललेला नाही काय असे विचारतात, आणि शिक्षा होते ती एकट्या मिर्यामेला. अंगावर कोड फुटते आणि तिला सात दिवस छावणीबाहेर ठेवले जाते. ग्रंथकार त्या शिक्षेचे समर्थन करीत नाही आणि तिला आक्षेपही घेत नाही. फक्त नोंदवतो, की मिर्यामेला परत आत आणीपर्यंत लोकांनी पुढला मुक्काम केला नाही. सगळी छावणी, तंबू, गुरेढोरे, पोरेबाळे, सात दिवस त्या एका बाईसाठी रानात थांबून राहिली. पुढे कादेश येथे ती मरते आणि तेथेच तिला पुरतात. त्याच्या पुढच्याच वाक्यात, लोकांना प्यायला पाणी नव्हते, असे येते. रब्बींनी ही दोन वाक्ये जोडून वाचली आणि म्हटले, की ती जिवंत होती तोवर एक विहीर त्या लोकांबरोबर वाळवंटातून चालत आली होती.